खिडकीतला रंग

“ते बघ कुमुद, गेरूवर कुणी हळद सांडावी तसे खडक!”

जैसलमेरच्या वाटेवर कुमुद गाडी चालवत होती आणि शेजारी बसलेले दिनकरराव सकाळपासून रंग सांगत होते. चित्रकलेचे मास्तर ते. तरुणपणी हाच मुलूख रंगवायला आले होते. दिवाळीपर्यंत नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांनी हट्टच धरला, “एकदा तुला ते डोंगर दाखवतो, मग अंधार झाला तरी चालेल.” त्यासाठी कुमुद साठीत गाडी शिकली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. आधीच उभ्या असलेल्या एका ट्रकला खेटून तिनं गाडी थांबवली. दिनकररावांच्या खिडकीत आता ट्रकवरच्या निळ्या ताडपत्रीशिवाय काहीच नव्हतं.

त्यांनी काचेला नाक लावलं. “अहाहा! उन्हात डोंगर कसा पिवळाधमक झालाय.”

कुमुदनं ताडपत्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणजे सकाळपासून ते आठवणीतलेच डोंगर पाहत होते.

“गप्प का गं? चुकलो का मी?”

लग्न झाल्यापासून साडीचा रंगसुद्धा त्यांना विचारून घेणारी ती. फाटक उघडेपर्यंत तिनं त्यांचा हात हातात धरून ठेवला. मग गिअर टाकत म्हणाली, “बोलून बोलून तुमचा घसा बसलाय. आता रंग मी सांगते. चुकलं तर तुम्ही सांगा.”

दिनकररावांनी डोळे मिटून घेतले.

“सांग,” ते म्हणाले.