भरतीच्या आधी

खड्ड्यात मक्याचे दाणे टाकून टॅमसिनच्या बाबांनी वर एक मासा ठेवला आणि त्याच्यापुढे अदबीने टोपी काढली.

"बाबा, माशाला कसला एवढा मान?"

"मग! आपण उपाशी, आणि मक्याला मात्र मासे. नशीब बघ त्याचं."

अमेरिकेच्या या किनाऱ्यावरच्या मूळ लोकांनीच ही रीत शिकवली होती. माशाशिवाय इथली रेताड जमीन काही देत नाही म्हणे. बाबा इंग्लंडातल्या नॉरिच शहरातले विणकर. कुदळ त्यांच्या हातात कुणीतरी धरायला दिल्यासारखी दिसायची.

"ही ओळ आहे की दारुड्याची वाट?" टॅमसिन म्हणाली.

"सूत असतं तर सरळ ओढून दाखवलं असतं. ही तर माती आहे, पोरी."

दोघं हसली. हिवाळ्यात निम्मी वस्ती आजाराने गेली होती. टॅमसिनची आईसुद्धा. खाडीत जहाज उभं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला ते इंग्लंडला परत निघणार होतं, आणि येईल त्याला फुकट न्यायला कप्तान तयार होता.

"तू जा," बाबा मान खाली घालूनच म्हणाले. "तिकडे मावशी आहे, गव्हाचा पाव आहे. मी उगाच तुला या ओसाडीत ओढलं."

हिवाळाभर ती थंडीला, धुराला, खारट मटणाला नावं ठेवत आली होती. चेष्टेत. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं.

"आधी माती ओढा वर," ती म्हणाली. "नाहीतर मासा उकरून लांडगेच जेवतील."

"बरं. सकाळी सांग."

सकाळी कुदळ खांद्यावर घेताघेता बाबा दारातच बसले, मग आडवे झाले. उठले नाहीत.

दुपारी उतारावर सगळे जमले. त्यांच्या पंथात कबरीपाशी कुणी बोलत नसे, प्रार्थनासुद्धा नाही. मेलेल्यासाठी देवाशी घासाघीस कशाला? माती पडल्याचा तेवढा आवाज होत होता.

"भरती भरली!" खालून खलाशी ओरडला. "येतंय का कुणी?"

सगळ्यांनी टॅमसिनकडे पाहिलं. मंडळीतल्या एका म्हाताऱ्याने हळूच किनाऱ्याकडे बोट दाखवलं. ती तिकडे न जाता कबरीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"बाबा," ती चांगली मोठ्याने म्हणाली, "मला इथं आवडतं. उतरलो त्या दिवसापासून आवडतं."