ग्रहणाच्या प्रकरणातलं आमंत्रण

खगोलीय पंचांगातला एकेक आकडा कसा काढतात, हे समजावणारा जाडजूड ग्रंथ लिहायला एडगर पिल्बीमला अकरा वर्षं लागली. एवढं सगळं कोणी वाचेल का, याची त्याला धास्ती होती. म्हणून ग्रहणांच्या गणितात त्याने हळूच एक वाक्य घुसवलं: 'इथवर आलेल्या वाचकाने कुठल्याही रविवारी चार वाजता माझ्याकडे चहाला यावं.' खाली ससेक्समधल्या घराचा पत्ता दिला.

ग्रंथ छापून आला. तेव्हापासून दर रविवारी एडगर स्वतः लिंबाचा केक भाजायचा आणि टाय बांधून खिडकीशी बसायचा. तीन वर्षं झाली, दार कोणी वाजवलं नाही.

"एकही माणूस तिथवर पोचला नाही गं, एनिड," या रविवारी तो रडवेला होऊन बायकोला म्हणाला. "आता केक बंद."

"असं काय करतोस? पुढच्या रविवारी येईल कोणीतरी," एनिडने समजूत काढली आणि तिसरा तुकडा बशीत घेतला.

रविवारी घरात पाहुणे नकोत म्हणून, ग्रंथ टाइप करतानाच ते वाक्य तिने पत्त्यासकट गाळलं होतं, आणि छपाईची प्रुफंही तिनेच तपासली होती. एडगर इतका सुरेख केक करतो, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं?