धाकटीची चिठ्ठी

"चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. अगदी शेवटपर्यंत," दादानं बजावलं आणि घडी घातलेल्या तीन चिठ्ठ्या टेबलावर वाटल्या. रविवारच्या एका दुपारीत संपणारा खेळ. गोष्ट दादा रचणार, पात्रं बाकीच्यांनी व्हायचं, आणि प्रत्येक पात्राचा गुप्त हेतू त्याच्या चिठ्ठीत.

धाकटीनं आपली उघडली. 'बाकीच्यांना सुखरूप बाहेर काढ. स्वतः मागे राहिलीस तरी चालेल.' गेल्या खेपेलाही हेच, त्याच्या आधीही हेच. वहिनीला खजिना, वहिनीच्या भावाला सूड आणि हिला मेली सेवा!

तिच्या पर्समध्ये परगावच्या इस्पितळाचं नेमणुकीचं पत्र होतं. उद्या सकाळी निघायचं होतं. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सहा वर्षं सगळं तीच बघत होती. बाबांनी कालच 'जा' म्हटलं होतं. दादाला सांगायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती.

इकडे गोष्टीत तिघं ज्या खाणीत अडकली होती, तिथं पाणी भरत आलं. वर जायला पाळणा होता, पण त्याचं चाक कुणीतरी खाली थांबूनच फिरवायला हवं होतं.

"कोण थांबतंय?" दादानं विचारलं, आणि उत्तर ठरलेलंच असल्यासारखा धाकटीकडे वळला.

"मी पाळण्यात बसले," धाकटी म्हणाली. "चाकाचं तुम्ही बघा."

"असं कसं?" दादा उखडला. "तुझ्या चिठ्ठीत तर सगळ्यांना वाचवायचं..." आणि त्यानं जीभ चावली. स्वतःचाच नियम त्यानं मोडला होता.

"फुटलं ना गुपित? मग आता माझंही ऐक." तिनं पत्र काढून चिठ्ठीशेजारी ठेवलं. "उद्या जातेय मी नोकरीवर. बाबांना विचारलंय. तुझी परवानगी मागत नाहीये."

"आणि बाबांचं कोण बघणार?"

"लिही की एक चिठ्ठी. स्वतःच्या नावानं."

वहिनीचा भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. तेवढ्यात आतून बाबांनी पाणी मागितलं. सगळ्यांनी सवयीनं धाकटीकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. नुसतं बसून राहणं इतकं अवघड असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

शेवटी दादाच उठला. स्वयंपाकघरात कपाटांची दारं उघडत राहिली, आपटत राहिली.

"बाबांचा पेला कुठं असतो गं?"

"शोध," धाकटी म्हणाली.