जांभळी संध्याकाळ

आमच्या यांच्या चित्रांतल्या उजेडाचं लोक अजून कौतुक करतात. मी मात्र ती चित्रं बघायचं टाळते.

१९९८ साली आम्ही वसई पूर्वेला राहायचो. रोज संध्याकाळी हे गच्चीवरून हाक मारायचे, "वसू, लवकर ये! असा जांभळा रंग पुन्हा दिसायचा नाही!"

मी नाकाला पदर लावूनच वर जायची. सातिवलीच्या गोदामांमागे टाकाऊ रबर जाळायचे, त्या धुराचा तो रंग. हे डोळे किलकिले करून तोच रंग कालवत बसायचे आणि खाली घरात आमची सहा वर्षांची क्षितिजा उशीला टेकून धापा टाकायची.

शेवटी शेजारच्या जितेंद्रभावजींनी रबर जाळणं बंद करा म्हणून अर्ज लिहिला. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या, यांचीच राहिली. मी कागद घेऊन गच्चीवर गेले.

"अहो, पोरीला श्वास घेता येत नाही. सही करा."

यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि सहीही केली.


मग म्हणाले, "पण अर्ज पुढच्या महिन्यात द्यायला सांग. प्रदर्शनाची दोन चित्रं अजून व्हायचीत."