माघारी

विमान पुन्हा खाली आदळल्यासारखं झालं आणि सुलाबाईंनी शेजारच्या माणसाचं मनगट घट्ट धरलं. ओळख तासाभराचीच, पण अशा वेळी कोण ओळखपाळख बघत बसतं?

“आवं, पडतंय काय हे?”

“न्हाई बाई. ढगात हिसकं बसायचंच,” आकाराम सुभेदार म्हणाले. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही. दुसरा हात मांडीवरच्या काळ्या बॅगेवर होता.

मुंबईहून कोल्हापूरला निघालेलं ते पंख्याचं छोटं विमान. सुलाबाई कुपवाडच्या. लेकाचा तिथं कारखाना, आणि त्यानंच हौसेनं आईला विमानात बसवलेलं. ती हौस आता चांगलीच अंगाशी आली होती. सुभेदार मिरजेजवळच्या खेड्यातले. त्यांना तिकीट विमान कंपनीनंच दिलं होतं. मुंबईत दार लागण्याआधी कॅप्टन स्वतः बाहेर आला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि “आण्णा, पट्टा बांधा,” एवढंच बोलून आत गेला. हवाई सुंदरी बॅग वर ठेवायला आली. पण बॅगेवरचं नाव वाचून तिनं हात मागे घेतला. पट्टा बॅगेवरूनच बांधून दिला. सुलाबाईंच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं.

“तुमचा ल्योक पायलट हाय न्हवं?”

“व्हय. विश्वजीत.”

“मग मला कशाचं भ्या!” असं म्हणून बाईंनी मनगट आणखी आवळलं.

साताऱ्यापर्यंत खाली रानं दिसत होती. सांगली जवळ आली तशी खिडकीतून राखाडी ढगांशिवाय काही दिसेना.

“एवढ्या अंधारात उतरणार कसा ह्यो?”

विश्वजीत सुट्टीवर आला की सोप्यात बसून हेच सांगायचा. सुभेदारांना ते पाठ झालं होतं.

“ढगात आपलंच अंग आपल्याला फसवतंय बाई. सरळ चाललो तरी वाटतंय कलंडलो. म्हणून अंगाचं ऐकायचं न्हाई, समोरच्या काट्यांचं ऐकायचं. काटं बघत बघत एका ठरल्या उंचीपातुर खाली यायचं. तितनं धावपट्टी दिसली तर उतरायचं.”

“आन न्हाई दिसली तर?”

सुभेदारांनी बॅगेवरचा पट्टा चाचपला.

“तर माघारी फिरायचं. त्येवढं तेल राखून ठेवल्यालं असतंय.”

माघारी हा शब्द त्यांच्या तोंडून सहजी निघत नसे. एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्यात गोळी घेतलेला माणूस तो. त्यांच्या घरातून कामगिरीवर निघालेल्यानं उंबऱ्याकडे परत वळायचं नाही, अशी रीतच होती. मागच्या सुट्टीनंतर विश्वजीत निघाला आणि घड्याळ विसरलं म्हणून बोळातून परत आला, तेव्हा सुभेदार दारात आडवे उभे राहिले होते.

“आपल्यात माघारी कोण फिरलंय का आजवर? चल, नीघ.”

पोरगं हसलं होतं. “आण्णा, आमच्या धंद्यात माघारी फिरणाराच म्हातारा होतो.” पण घड्याळ न घेताच गेलं. ते घड्याळ आता सुभेदारांच्या मनगटावर होतं, सुलाबाईंच्या मुठीत.

मरणाची भीती सुभेदारांना नव्हती. त्यांना भीती वेगळीच होती. उद्या सकाळी गावात सगळी भावकी जमायची होती, आणि काही झालं तरी आज पोचलंच पाहिजे, असं त्यांनीच कॅप्टनला बजावलं होतं. म्हाताऱ्याच्या शब्दाखातर यानं नेटानं विमान खाली घातलं तर? आपण इथं बसलोय म्हणून माघारी फिरायला लाजला तर? विमानात आणखी चाळीस माणसं होती.

चाकं बाहेर आल्याचा घरघराट झाला. काचेवरून पाणी आडवं धावू लागलं. विमान खाली, आणखी खाली. सुभेदारांनी डोळे मिटले.

“फीर बाळा,” ते पुटपुटले. “फीर माघारी.”

इंजिनं एकदम गरजली. विमानानं नाक वर उचललं. मागं कोणीतरी किंचाळलं, सुलाबाईंनी आईचं नाव घेतलं, आणि सुभेदारांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

दहा मिनिटांनी पुन्हा तोच घरघराट, तेच पाणी, आणि पुन्हा तीच गर्जना. विमान दुसऱ्यांदा वर गेलं.

“जमत न्हाई तर चालवतोस कशाला रं?” मागून एक जण ओरडला.

सुभेदार पट्ट्यात होते तसेच वळले. कवायतीच्या मैदानावरचा जुना आवाज बाहेर आला.

“गप बसा! माघारी फिरायला लय छाती लागती.”

हवामान सुधारेना म्हणून विमान पुण्याला चाललं आहे, असं कॅप्टननं सांगितलं. पुण्यात पाऊस बारीक होता. विमान इतकं अलगद उतरलं की सुलाबाईंना बराच वेळ पत्ताच लागला नाही.

माणसं कुरकुरत उतरली. बाई मात्र बसून राहिल्या. ज्यानं जीव वाचवला त्याच्या तोंडावरून हात फिरवल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. कॅप्टन आला. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

“आण्णा, चुकलं. तुमाला आज घरी पोचवायचं हुतं. दोनदा बघितलं, धावपट्टी दिसलीच न्हाई.”

“बरं केलंस पोरा,” सुभेदार म्हणाले. “लय बरं केलंस.” त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात बांधलं. कॅप्टन त्या घड्याळाकडे बघतच राहिला.

सुलाबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “बापाचं नाव राखलंस रं इश्वजीता!”

“मावशी, मी राजरत्न. कुपवाडचा, विश्वजीतचा जोडीदार.” त्यानं सुभेदारांच्या मांडीवरचा पट्टा सोडला आणि ती हलकी काळी बॅग दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. “विश्वजीत ह्यात हाय.”