खिडकीतले ऊन

पणजोबांनी ज्यू समाजाच्या या सिनेगॉगचा पहिला दिवा लावला, आजोबांनी त्याच्या वातीपायी उभे आयुष्य वेचले, वडिलांनी तेलाचे डाग पडलेल्या सदऱ्यातच जग सोडले. आणि तिच्या वाट्याला आला मोबाइल. महामारीने दाराला कुलूप घातले, तरी लोक तिला ‘दिवेवाली’च म्हणत राहिले. रोज सूर्य मावळला की ती रिकाम्या प्रार्थनागृहात बाकावर बसे आणि स्क्रीनवर समाज गोळा करी.

कुणाचा नुसता कान दिसे, कुणाच्या घराचे छत. कुणी गंजीफ्रॉक घालून, तोंडात घास घेऊन देवापुढे हजर होई. ‘‘काका, आधी गिळा, मग आमेन म्हणा,’’ असे तिला सांगावे लागे. शिसारी येई. तरीही ती एकेकाला फोन करून उठवी. कारण मृतासाठी म्हणायच्या कद्दिश या प्रार्थनेला दहा पुरुष हजर असावे लागतात. नऊच असले, तर मुलालाही आपल्या बापासाठी ती म्हणता येत नाही.

प्रार्थना चालवणाऱ्या वृद्ध हझानांनी बऱ्याच वादानंतर सवलत दिली होती. साथ असेपर्यंत स्क्रीनवरचा माणूसही हजर धरायचा, पण तो त्या क्षणी तिथे जातीने बसलेला हवा. दिवेवालीने तेव्हाच विचारले होते, ‘‘माणसं मिळेनाशी झालीत. मला धरलं तर?’’

सिनेगॉगचे अध्यक्ष हसले होते. ‘‘ताई, तुम्ही दिवे पुसा. कुणाला धरायचं ते आम्ही बघतो.’’

त्यानंतर घड्याळजीची बायको साथीत गेली. घड्याळजी रोज कद्दिश म्हणू लागला आणि दहावा चेहरा रोज अध्यक्षांचा असे: टोपी नीटनेटकी, मान किंचित झुकलेली, आवाज बंद. ‘‘एवढा मोठा माणूस, पण एक दिवस चुकत नाही,’’ असे म्हणताना घड्याळजीचे डोळे भरून येत.

एका संध्याकाळी दिवेवालीची नजर त्या चेहऱ्यामागच्या खिडकीवर पडली. सगळ्यांच्या खिडक्यांत अंधार होता. अध्यक्षांच्या खिडकीत भरदुपारचे ऊन होते.

तो फोटो होता.

तिने फोन केला, तेव्हा पलीकडे टीव्हीवर हशा चालला होता. ‘‘अहो ताई, रोज कोण बसणार तिथं?’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘चेहरा दिसतो ना? त्या बिचाऱ्याचं समाधान होतं ना? मग झालं तर! आणि सांगायचंच असेल तर सांगा त्याला. बघू, तुमची जीभ रेटते का ते.’’

तिची जीभ रेटली नाही. हात घाणीत बुडाल्यासारखे तिने ते पुन्हा पुन्हा साबणाने धुतले.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांची आई वारली. दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी मिळाली. कद्दिश संध्याकाळी स्क्रीनवर व्हायची होती. दिवेवालीने दहा जण जमवले. आज अध्यक्ष खरोखर बसले होते. डोळे सुजलेले, टोपी वाकडी. हझान सुरुवात करणार, तोच घड्याळजी म्हणाला, ‘‘साहेब, आज तुमच्या खिडकीत अंधार कसा? रोज तर लख्ख ऊन असतं.’’

घड्याळजीचे सारे आयुष्य वेळ पाहण्यात गेले होते. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. ‘‘दिवेवाली,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘तू सांग.’’

‘‘फोटो होता, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘मला काल कळलं.’’

‘‘म्हणजे माझ्या बायकोला फोटो, आणि ह्याच्या आईला मी?’’ घड्याळजीचा चौकोन काळा झाला.

नऊ उरले. इतरांना फोन लावले. कुणी तापात होते, कुणी उचललाच नाही. तेव्हा अध्यक्षांनी घसा साफ केला. ‘‘ताई, तुम्हीच बसा ना. काळ बदललाय आता. बायकांना धरायला माझी काही हरकत नाही.’’

हरकत नाही! स्क्रीन बंद करण्यासाठी तिने बोट पुढे केले.

‘‘ती बसली तर मी सुरू करतो,’’ हझान म्हणाले. ‘‘पूर्वीही एकदा केलंय.’’

ते बोट तिथेच थांबले. तिचे वडील वारले, त्या संध्याकाळी याच प्रार्थनागृहात नऊच पुरुष आले होते. दिवे पुसणाऱ्यासाठी दहावा कुणी घरून निघालाच नव्हता. नऊ जण परतायच्या बेतात होते. इतक्यात वरच्या बायकांच्या सज्जातून एक बाई तडक खाली उतरली, पुरुषांच्या रांगेत ताठ उभी राहिली आणि तेव्हाच्या तरण्या हझानांना म्हणाली, ‘‘दहावी मी. करा सुरू.’’

रांगेतला तिचा मुलगा शरमेने लाल झाला होता. ‘‘आई, वर जा. लोक काय म्हणतील?’’

‘‘लोकांनी आमेन म्हणावं,’’ ती म्हणाली होती, ‘‘आणि तूही.’’

तोच मुलगा आज स्क्रीनवर, वाकड्या टोपीत, उत्तराची वाट पाहत होता.

दिवेवालीने फोन स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला. ‘‘बसते,’’ ती म्हणाली. ‘‘करा सुरू.’’

अध्यक्षांनी आईसाठी कद्दिश म्हटली. सर्वांत मोठ्याने आमेन दिवेवालीने म्हटले. ते सज्जातून उतरलेल्या त्या थोरल्या बाईंचे देणे होते, आणि ते तिने पुरते फेडले; त्यांच्या मुलाने मग हात जोडून आभार मानले, तेव्हा त्याच्याशी एक शब्दही न बोलता तिने स्क्रीन बंद केली.