तळहाताची ऊब

त्या कारखान्यात माणूस आत असला की मशीन चालू होत नसे. मापं इतकी बारीक झाली होती की अंगाची ऊबसुद्धा चूक धरली जाई.

म्हाताऱ्या आप्पासो फिटरनी माप घेणाऱ्या लेसरचा आरसा बसवला, किरण सरळ जुळवला आणि नट आवळायचे पाने पिशवीत भरले. यापुढे लेसर स्वतःच स्वतःला जुळवणार होता. फिटरला परत बोलावणं येणार नव्हतं. निघताना त्यांनी मशीनच्या बेडवर, त्या लोखंडी बैठकीवर, तळहात टेकवला आणि कपाळाला लावला. काम संपलं की ते नेहमीच असं करत.

काचेपलीकडून इंजिनिअर रेवती मगदूमचा आवाज आला, "काका, बेडला हात लावलासा काय?"

"नमस्कार केला गं. सवय."

"आता ती ऊब जाईस्तोवर थांबायला लागणार. या बाहेर."

बाहेरच्या, ऊब दाखवणाऱ्या पडद्यावर काळ्या बेडवर त्यांच्या पंजाचा ठसा तांबडा दिसत होता.

"तुम्ही जावा की घरी, काका. तुमचं काम झालं."

"थांबतो. घरी तरी कोण बसलंय?"

आधी करंगळी पुसली गेली, मग एकेक बोट. तळव्याच्या मधला ठिपका मात्र बराच वेळ राहिला. आप्पासो त्याच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी तोही गेला.

हिरवा दिवा लागला. मशीन नेहमीच्या थंड आवाजात म्हणालं, "आत कोणीही नाही. माप बरोबर आहे."